औषध आणायला गेलेले गुरुजी

सुरतेतल्या उधना स्टेशनच्या मागच्या अंगाला, लूमच्या खात्यांना, म्हणजे मागांच्या कारखान्यांना, पाठ लावून पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. मागांचा खडखडाट एवढा, की नवीन आलेला माणूस पहिले चार दिवस ओरडूनच बोलायचा. त्या रांगेत अकरा घरं ख्रिस्ती होती, सगळी नवापूर-नंदुरबारकडून पोटामागे आलेली. त्यांना चर्च नव्हतं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. उरलेल्या रविवारी उपासना भिकन गुरुजींच्या खोलीत व्हायची, आणि उपासनेच्या आधी त्याच सतरंजीवर पोरांची शब्बाथशाळा भरायची.

गुरुजी काही पगारी मास्तर नव्हते. एका प्रोसेस मिलमध्ये ते तयार कापड तपासायचे. डाग, चूक, सुटलेला धागा त्यांना दहा हातांवरून दिसे. छप्पन वर्षांचे झाले होते, स्वतःला मूलबाळ नव्हतं, म्हणून की काय, रविवारी सकाळी सतरंजी झटकताना त्यांचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा व्हायचा.

त्यांच्या शाळेत हजेरीची एक रीत होती. वहीत पहिलं नाव प्रभूचं. गुरुजी ते मोठ्यानं वाचायचे आणि सगळी पोरं एका आवाजात म्हणायची, "हजर." मग पोरांची नावं. सगळ्यात शेवटी गुरुजी स्वतःचं नाव घ्यायचे आणि स्वतःच "हजर" म्हणायचे. पोरांना त्याची फार गंमत वाटायची.

योगराज नावाचा सहा वर्षांचा मुलगा नवीन आला, तेव्हा पहिल्याच दिवशी तो मान वळवून मागे बघू लागला.

"काय शोधतोस रे?" गुरुजींनी विचारलं.

"प्रभू हजर म्हणाले सगळे. कुठं बसलाय?"

पोरं हसली. गुरुजी हसले नाहीत. "तुझी आई कुठाय आत्ता?"

"खात्यात. बॉबिन भरते."

"दिसते का इथून?"

"नाही."

"मग तुला आई नाही म्हणायचं का?"

योगराजनं जरा विचार केला. "आहे ने. संध्याकाळी येते."

"झालं तर," गुरुजी म्हणाले. "ज्याच्यावर आपला भरवसा असतो तो दिसला नाही म्हणून आपण भरवसा सोडत नाही. ध्यानात ठेवा सगळ्यांनी."

हा दाखला त्यांना इतका आवडला, की पुढच्या तीन रविवारी त्यांनी तो वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितला. पोरांनी तो खरोखरच ध्यानात ठेवला.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, आधी पाऊस धो धो पडला, मग गल्लीबोळांत घाण साचली, आणि सप्टेंबरातल्या एका गुरुवारी शहरात प्लेग आल्याची बातमी पसरली. शुक्रवारी लूम बंद पडले. उधन्यात इतकी शांतता कुणी कधी ऐकली नव्हती. कुठल्या खोलीत कोण खोकतंय तेसुद्धा ऐकू येऊ लागलं. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं गाठोडी घेऊन स्टेशनकडे धावत होती.

दुपारी पाळकसाहेब घामाघूम होऊन आले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. "दुकानात एक गोळी मिळत नाही, गुरुजी. ओळखीच्या एका डॉक्टरच्या हातापाया पडून या आणल्यात. टेट्रासायक्लिन. अकरा घरांना पुरतील. केशरबाईंना आधी द्या, त्यांना ताप आहे. मला अजून दोन वस्त्यांत जायचंय." आणि ते आले तसे गेले.

गुरुजींनी पिशवी खुंटीला अडकवली. संध्याकाळी पोरं आपणहून खोलीत जमली, तेव्हा ते त्यांच्याशी बराच वेळ बोलले. संकटात देव लांब जात नाही, जवळ येतो, असं म्हणाले. भिऊ नका म्हणाले. सकाळी घरोघरी औषध देतो, कसं घ्यायचं ते समजावतो, असंही सांगितलं. अकरा वर्षांची रंजना दाराशी बसली होती. शाळेतली सगळ्यात मोठी तीच. केशरबाई तिची आजी. ती म्हणाली, "गुरुजी, समोरच्या रांगेतले सगळे गावी गेले. तुम्ही पण जाणार?"

"मी? तुम्हाला टाकून?" गुरुजी म्हणाले. एवढं ते पुरेपूर मनापासून म्हणाले होते. खोटं ते तेव्हा नव्हतं.

शनिवारी पहाटे ते नळावर पाणी भरायला गेले. समोरून एक हातगाडी चालली होती. वर माणूस झाकलेला होता, पण गाडी आखूड होती आणि एक पाऊल बाहेर लोंबत होतं. गाडी खड्ड्यात गेली की ते पाऊल हलायचं. गुरुजींनी बादली तिथंच ठेवली. घरी येऊन ते बायकोला एवढंच म्हणाले, "वत्सला, चल."

"कुठं?"

"गावी. गाडी आहे सातची."

"आणि केशरबाई? पोरं?"

"आधी चल तू."

वत्सलाबाईंनी दोन लुगडी पिशवीत कोंबली. कुलूप हातात घेऊन गुरुजी दारात आले, पुन्हा आत गेले, आणि खुंटीवरची कापडी पिशवी त्यांनी स्वतःच्या हातानं काढली. घाईत नाही, चुकून नाही. गावी लागेल, असं मनात म्हणून काढली.

शेवटची खोली केशरबाईंची. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला उजेड कळायचा, माणूस कळायचं नाही. दार अर्धवट उघडं होतं. गुरुजींनी चपला काढून हातात घेतल्या.

"कोण ते?" आतून आवाज आला. मग खोकला. मग पुन्हा, "गुरुजी का?"

गुरुजींनी श्वास धरला. दोन पावलं टाकली, मग आणखी दोन. त्या दाराशी ते उभे होते आणि तरी त्यांनी ओ दिली नाही. पुढे कितीतरी दिवस त्यांना एवढीच गोष्ट आठवत राहिली.

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. वाटेत व्यारा स्टेशनात ती पाऊण तास थांबली. पलीकडच्या रुळावर सुरतेकडे जाणारी गाडी उभी होती, डबेच्या डबे रिकामे. गुरुजी खिडकीतून त्या रिकाम्या बाकांकडे बघत राहिले. पिशवी मांडीवर होती. उतरायला कुणी अडवलं नव्हतं. मग ती गाडी सुटली.

गावात सुरतेहून आलेल्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं. सख्खा धाकटा भाऊ किसन, पण त्यानंही गोठ्यात घोंगडी टाकून दिली आणि भाकरी लांबून सरकवली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पिशवी उघडून त्याला दाखवली. "औषध आहे. तुझ्या पोरांना, बायकोला, सगळ्यांना पुरेल." त्या संध्याकाळी किसननं त्यांना घरात घेतलं. शेजाऱ्यांनाही चार-चार गोळ्या गेल्या, म्हणून शेजारीही गप्प राहिले. तिथं कुणालाच प्लेग झाला नव्हता. निरोगी माणसांनी गुरुजींच्या देखत त्या गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या. नवव्या दिवशी पिशवी रिकामी झाली, तेव्हा वत्सलाबाईंनी ती धुऊन वाळत घातली.

साथ ओसरली. मिल सुरू झाली. निघाल्यापासून पंधरा दिवसांनी, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी, दोघं उधन्याला उतरली. गुरुजींनी मनाशी वाक्य जुळवून ठेवलं होतं: वत्सलाची तब्येत अचानक बिघडली. ते वाक्य लागलंच नाही.

रांगेच्या तोंडाशी धुडकू उभा होता. लूम चालवणारा, धुळ्याकडचा, धर्मानं हिंदू, पण शेजारधर्मात कुणाला हार न जाणारा माणूस. "ऊनात का गुरुजी?" आलात का, असं त्यानं आपल्या अहिराणीत विचारलं. "पोरे रोज वाट देखी राह्यनात. औसद भेटनं का?"

"औषध?"

"ते आनाले गयथात ना तुम्ही? पोरेसनी सांगं." मग तोच हात झटकून मराठीत म्हणाला, "जाऊ द्या. मिळणार कुठून, सगळा देश मागत होता. आपलं भागलं. तुम्ही गेलात तेच खूप."

गुरुजी मान हलवून पुढे गेले.

खोलीची एक किल्ली नेहमी शेजाऱ्यांकडे असायची. सतरंजी नीट घडी केलेली होती, वर हजेरीची वही. शाळा बंद, खाती बंद, म्हणून पोरं पंधरा दिवस रोज इथं जमत होती, हे त्यांना वहीवरूनच कळलं. अक्षर रंजनाचं. पहिलं नाव प्रभूचं, पुढे हजर. खाली पोरांची नावं. कुणी गावी, कुणी हजर. आणि शेवटी, रोजच्या रकान्यात न मावणाऱ्या बारीक अक्षरांत, तारखेमागून तारीख एकच ओळ: गुरुजी औषध आणायला गेले. गुरुजी औषध आणायला गेले. पंधरा वेळा.

गैरहजर असं तिनं एकदाही लिहिलं नव्हतं.

कापडातला डाग दहा हातांवरून ओळखणारा तो माणूस वही मांडीवर घेऊन बसला आणि त्याला ते पान नीट दिसेना.

वत्सलाबाईंनी वाचलं. मग चुलीवर चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "पोरीनं तुमची लाज राखलीय. आता तुम्ही ती घालवू नका."

"उद्या शाळा आहे."

"शाळा घ्या. कुणी मेलं नाही, कुणाचं काही गेलं नाही. औषध मिळालं नाही म्हणा, संपलं."

"मिळालं होतं, वत्सला. माझ्या खुंटीला होतं."

"ते मला माहीत आहे. मीही तुमच्याबरोबर चालतच आले ना?" त्यांचा आवाज बारीक झाला. "पण पोरांचा विचार करा. तुम्हीच शिकवलंत, न दिसणाऱ्यावर भरवसा ठेवा म्हणून. त्यांनी तुमच्यावर ठेवला. उद्या तुम्ही सांगणार, मी पळालो. मग ती म्हणतील, देवही तसाच. तुमच्या मनाचं ओझं उतरवायला त्यांचा देव मोडू नका."

चहा निवून गेला. गुरुजी उठले आणि शेवटच्या खोलीकडे गेले. या वेळी चपला पायातच होत्या.

"या, गुरुजी," ते दाराशी पोचायच्या आधीच केशरबाई म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून मेथी निवडत होत्या, बोटांनी चाचपत. अंगावरचं मांस गेलं होतं, पण ताप नव्हता.

"कशा आहात, आजी?"

"आहे. हिवताप निघाला म्हणतात. मोठा आजार नव्हताच." त्यांनी एक काडी बाजूला टाकली. "बसा. उभ्या माणसाशी बोलायला मान दुखते, दिसत नसलं तरी."

गुरुजी बसले. त्यांनीही मेथीची जुडी ओढली.

"त्या दिवशी चपला हातात होत्या ना?" केशरबाई म्हणाल्या.

गुरुजींचा हात थांबला.

"अनवाणी पायाचाही आवाज असतो. तुमचा डावा पाय जरा घासतो. आणि वत्सलाच्या बांगड्या. मी हाक मारली दोनदा."

"ऐकली मी."

"ते ठाऊक आहे."

बाहेर माग चालू होते, तरी ती खोली गुरुजींना त्या शुक्रवारसारखी शांत वाटली. "मग पोरांना का नाही सांगितलंत?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मी का सांगू? ते काम तुमचं." म्हातारीच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानं जास्त लागलं. "रंजना विचारत आली, गुरुजींच्या दाराला कुलूप का? मी म्हटलं, मला काय माहीत. तिनं आपलीच जुळवणी केली. औषध द्यायचं कबूल केलं होतं, गुरुजी नाहीत, औषध नाही, म्हणजे आणायलाच गेले. पोर आहे. दुसरं तिला सुचेल कसं?"

"वत्सला म्हणते, सांगितलं तर पोरांचा देवावरचा भरवसा जाईल."

केशरबाई थोड्या हसल्या. "माझंच घ्या. मला आता कोणीच दिसत नाही. पोरं दिसत नाहीत, तुम्ही दिसत नाही. दिसत नाही तो नाही, असं धरलं तर या जगात मी एकटीच उरते. तापात पडले होते तेव्हा तुमचा पाय दारावरून निघून गेलेला ऐकला. वाईट वाटलं. रडलेही. पण माझा प्रभू तुमच्या पायानं चालत नव्हता, तुमच्याबरोबर स्टेशनला जायला." त्या थांबल्या. "तुम्ही गेलात म्हणजे तुम्ही गेलात. त्याच्यावर कशाला घालता?"

गुरुजी माफी मागणार होते. तोंडही उघडलं होतं. पण मागितली तर ही बाई लगेच देईल आणि आपण हलके होऊन घरी जाऊ, असं त्यांना वाटलं, आणि ते गप्प बसले. मेथी संपेपर्यंत बसले.

रविवारी सतरंजीवर चौदा पोरं होती. केशरबाईंना कुणीतरी हात धरून आणलं होतं. त्या भिंतीशी बसल्या. धुडकू आपल्या पुतण्याला सोडायला आला आणि दारातच रेंगाळला. वत्सलाबाई चुलीकडे तोंड करून होत्या.

गुरुजी नेहमी स्टुलावर बसत. आज ते खाली बसले.

"मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "मी औषध आणायला गेलो नव्हतो."

पोरं बघत राहिली.

"औषध इथंच होतं. त्या खुंटीला. पाळकसाहेबांनी तुमच्यासाठी आणलेलं. शनिवारी सकाळी मी भ्यालो. फार भ्यालो. पिशवी घेतली आणि गावी पळालो. चुकून नाही घेतली, बघून घेतली. तिथं ते औषध दुसऱ्यांना दिलं, त्यांनी आम्हाला घरात घ्यावं म्हणून. केशरआजींनी हाक मारली तेव्हा मी त्यांच्या दाराशी होतो. ओ दिली नाही."

दाराशी धुडकूनं पायाखालची जमीन बघायला सुरुवात केली. मग पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला उठवलं आणि घेऊन गेला. तो मुलगा दोनदा मागे वळून बघत गेला.

"आम्ही तर म्हणत होतो येणार," एक मुलगी म्हणाली.

"म्हणत होतात. मीच शिकवलं होतं तसं. शिकवलं ते खोटं नव्हतं. मी खोटा निघालो."

योगराजनं विचारलं, "मग आजी बरी कशी झाली?"

असा प्रश्न पूर्वी कुणी विचारला असता तर गुरुजींकडे उत्तर तयार असतं, वर दाखलाही. आता ते म्हणाले, "मला माहीत नाही. मी नव्हतो इथं. तुम्ही होता. तुम्ही सांगा."

पोरं आधी एकमेकांकडे बघू लागली. मग एकजण म्हणाला, धुडकूकाका सरकारी दवाखान्यात सकाळी सहाला रांगेत उभे राहिले ते दुपारी आले, आणि आपल्या घरच्या गोळ्यांतल्या आजीला दिल्या. दुसरा म्हणाला, नंतर त्यांनीच डॉक्टरला हाताला धरून आणलं, त्यानं सुई टोचून रक्त नेलं. योगराज म्हणाला, "मी आजीला गाणं म्हणून दाखवलं. तिला झोप येत नव्हती ने. सगळी कडवी नाही येत मला, पहिलंच चार वेळा म्हटलं." भिंतीशी केशरबाईंनी मान डोलावली. एकीनं सांगितलं, एके दिवशी फक्त तिघंच उरलो होतो आणि हजेरी घेताना प्रभूच्या नावाला हजर म्हणताना खूप भीती वाटली, पण म्हटलं.

"का म्हटलंत?" गुरुजींनी विचारलं. शिकवण्यासाठी नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मुलीनं खांदे उडवले. "होता म्हणून."

रंजना एवढा वेळ बोलली नव्हती. तिनं गुडघे छातीशी धरले होते आणि ती गुरुजींकडे बघत नव्हती.

"रंजना," ते म्हणाले, "तुला काही म्हणायचं असेल तर म्हण. मला झेपेल असंच म्हण, असं काही नाही."

"मी रोज पाचच्या गाडीला फाटकापर्यंत जायचे," ती म्हणाली.

"कशाला गं?"

"पिशवी जड असेल म्हणून. धरायला."

चुलीकडे बसलेल्या वत्सलाबाईंनी पदर तोंडाला लावला. गुरुजींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. भर वर्गात छडी खाल्लेल्या पोराच्या तापतात तशा. वर बघायचं होतं, पण बघवेना. छप्पन वर्षांत त्यांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"मला तुमचा राग आलाय," रंजना म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "देवाचा नाही आला. तुमचाच आलाय."

"येऊ दे," गुरुजी म्हणाले. "जाईपर्यंत येऊ दे."

"आणि नाही गेला तर?"

"तर नाही गेला. मी इथंच आहे."

या शब्दाचं तिच्या लेखी आता काय मोल आहे, ते गुरुजींनाही कळत होतं. थोड्या वेळानं तिनं नाक फ्रॉकला पुसलं.

"एका दिवशी गाडी आलीच नाही," ती सतरंजीकडे बघत म्हणाली. "पाऊस होता. फाटकवाल्यानं मला त्याच्या खोपीत बसवलं."

"मग?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"सांगते ने," रंजना म्हणाली. पोरं तिच्याकडे सरकली, आणि गुरुजीही त्यांच्यात मान खाली घालून ऐकू लागले.